पायाच्या बायपासमधील रक्तप्रवाह आणि ग्राफ्टचे आयुष्य

प्रश्न : माझे वडील 66 वर्षांचे असून वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार होते. आम्ही घणसोलीला राहतो. त्यांना जुना मधुमेह आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाला गँगरीन झाल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या पायाची बायपास झाली. त्यांचीच मांडीची शीर काढून जांघेतील धमनीपासून घोट्याजवळच्या धमनीपर्यंत जोडली आणि ते बोट काढून टाकले. डिस्चार्ज कार्डावर ‘शीर 4 मिलिमीटर, ग्राफ्ट फ्लो 70 मिली प्रति मिनिट, पॅपावेरीननंतर 140’ असे लिहिले आहे. शेजारच्या काकांची गुडघ्याच्या वरपर्यंत 6 मिलिमीटरची कृत्रिम नळी घालून बायपास झाली होती, त्यांचा आकडा 150 होता. वडिलांचा प्रवाह निम्माच का? हे ऑपरेशन किती वर्षे टिकेल? पाय सुजला आहे, ते ठीक आहे का? गणपतीला गावी, कणकवलीला, नेता येईल का?

उत्तर : मी ठाण्यात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो, आणि डिस्चार्ज कार्डावरील या एका आकड्यापायी काळजीत पडलेली कुटुंबे मला नेहमी भेटतात. आपण दिलेल्या माहितीवरून आधी एवढे सांगतो की 70 हा आकडा वाईट नाही, आणि काकांच्या 150 शी त्याची तुलना करणे योग्य नाही. शिवाय ग्राफ्ट, म्हणजे बायपाससाठी जोडलेली शीर किंवा नळी, पाच वर्षांनी चालू असेल की नाही, हे या आकड्यावर जेवढे ठरते त्याहून पुष्कळ जास्त इतर गोष्टींवर ठरते, आणि त्यांपैकी काही आपल्या घरातच आहेत.

हा आकडा मिळतो कसा ते पाहू. जोडणी पूर्ण झाल्यावर सर्जन ग्राफ्टभोवती एक छोटा प्रोब बसवतात. त्यातून ध्वनिलहरी एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा प्रवाहाच्या विरुद्ध सोडल्या जातात, दोन्ही वेळांतील सूक्ष्म फरक मोजला जातो आणि त्यावरून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते हे यंत्र दाखवते. म्हणजे हे मोजमाप त्या दिवसाचे, त्या घटकेचे असते. त्या वेळी रक्तदाब किती होता, थिएटर किती थंड होते, कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती की पूर्ण भूल होती, या सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. कमरेतील भुलीने पायाच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रवाह वाढतो, तर थंडीने त्या आवळल्या जातात आणि प्रवाह घटतो. एकाच रुग्णाचा आकडा अर्ध्या तासाच्या अंतराने मोजला तरी तो बदललेला दिसतो.

दुसरा मुद्दा ग्राफ्टच्या टोकाचा. पाण्याची लाइन कितीही मोठी टाकली तरी टोकाचा नळ जेवढा उघडा, तेवढेच पाणी वाहणार. काकांच्या ग्राफ्टचे टोक गुडघ्याच्या वरच्या मोठ्या धमनीत आहे आणि तिथून पुढे पोटरीचे मोठमोठे स्नायू रक्त ओढून घेतात. वडिलांच्या ग्राफ्टचे टोक घोट्याजवळच्या बारीक धमनीत आहे आणि तिच्यापुढे फक्त पाऊल आहे. पावलाला रक्त लागतेच कमी, त्यामुळे घोट्यापर्यंतच्या बायपासचा प्रवाह गुडघ्यापर्यंतच्या बायपासपेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे.

आता नळीच्या व्यासाचा हिशेब करू. 4 मिलिमीटर व्यासाच्या शिरेतून मिनिटाला 70 मिलिलिटर रक्त जात असेल, तर तिच्यातील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 9 सेंटिमीटर येतो. काकांच्या 6 मिलिमीटरच्या नळीतून 150 मिलिलिटर जात असताना तो वेगही जवळपास 9 सेंटिमीटरच येतो. आकडा दुपटीहून मोठा, पण वेग तोच. रक्त गोठणे टाळायचे असेल तर महत्त्व वेगाला असते, कारण रक्त रेंगाळले की गुठळीची शक्यता वाढते, आणि कृत्रिम नळीत ती अधिकच वाढते. वाहते रक्त आतल्या भिंतीवर जो घर्षणाचा ताण देते तो तर, प्रवाह तेवढाच असता, व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे नळी अरुंद तसा तो झपाट्याने वाढतो. सरळ, गुळगुळीत नळी गृहीत धरून हिशेब केला, तर तो वडिलांच्या शिरेत काकांच्या नळीच्या दीडपटीहून थोडा जास्तच निघतो. हा ताण शिरेच्या अस्तराला निरोगी ठेवतो. तो फार कमी असेल तर अस्तराखालच्या पेशी वाढतात आणि भिंत आतून जाड होत जाते.

कार्डावरचा दुसरा आकडा, म्हणजे पॅपावेरीननंतरचा 140, मला पहिल्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. हे औषध ग्राफ्टमध्ये सोडले की पुढच्या बारीक रक्तवाहिन्या काही मिनिटांसाठी पूर्ण उघडतात. प्रवाह दुप्पट झाला, याचा अर्थ पावलातील जाळे अजून जिवंत आहे, त्यात सामावून घेण्याची जागा आहे आणि वरच्या जोडणीत कुठे पीळ किंवा अडथळा नाही. ज्यांच्या पावलातील वाहिन्याच बंद झालेल्या असतात, त्यांचा आकडा पॅपावेरीननंतरही जागचा फारसा हलत नाही, आणि अशा ग्राफ्टची मला खरी चिंता वाटते. थिएटरमध्ये या मोजमापाचा मुख्य उपयोग हाच आहे. आकडा अनपेक्षितपणे कमी आला तर टाके बंद करण्यापूर्वीच जोडणी तपासता येते, टेबलावरच अँजिओग्राफी करून शिरेतील उलटा प्रवाह रोखणारी, काढायची राहून गेलेली झडप किंवा पीळ शोधता येतो आणि दुरुस्त करता येतो.

किती वर्षे टिकेल, या प्रश्नाचे उत्तर देताना कशाची बायपास आणि कुठपर्यंतची, हे आधी पाहावे लागते. पॅरिसमध्ये जाँ कुन्लँ या सर्जनांनी 1948 साली रुग्णाची स्वतःची शीर वापरून मांडीतील धमनीची बायपास केली, आणि इतक्या वर्षांत नवनवीन नळ्या आल्या तरी गुडघ्याखालच्या बायपाससाठी त्या शिरेला तोडीस तोड काही मिळालेले नाही. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक तुलनात्मक अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला. त्यात पोटरीच्या धमन्यांपर्यंतच्या बायपासमध्ये चार वर्षांनी शिरेचे 49 टक्के ग्राफ्ट चालू होते, तर पीटीएफई या कृत्रिम नळीचे फक्त 12 टक्के. गुडघ्यामागच्या धमनीपर्यंतच्या बायपासमध्ये हेच प्रमाण 68 आणि 47 टक्के होते. म्हणजे वडिलांची बायपास लांब आणि कठीण जागेची असली, तरी ती त्या जागेसाठी सर्वांत चांगल्या साहित्याने झाली आहे. शिरेचा व्यास 3 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर निकाल ठळकपणे घसरतात. त्यांची शीर 4 मिलिमीटरची आहे, ही माझ्या दृष्टीने कार्डावरची सर्वांत चांगली नोंद आहे.

49 टक्के हा आकडा वाचून मन खचू देऊ नका. ‘एकदाही हात न लावता चालू’ असलेल्या ग्राफ्टचे ते प्रमाण आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिव्हेंट थ्री’ या चाचणीत गंभीर अवस्थेतील पायांसाठी शिरेची बायपास केलेले 1,404 रुग्ण होते. एका वर्षाने त्यांपैकी 61 टक्क्यांचे ग्राफ्ट कोणत्याही दुरुस्तीशिवाय चालू होते, वेळीच केलेली दुरुस्ती धरली तर हे प्रमाण 77 टक्के होते आणि 88 टक्क्यांचा पाय वाचला होता. 61 आणि 77 यांच्यातला जो फरक आहे, तो ग्राफ्ट बंद पडण्यापूर्वी अरुंद जागा शोधून ती फुग्याने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी केल्यामुळे मिळालेला आहे. आणि पाय वाचण्याचे प्रमाण ग्राफ्ट टिकण्यापेक्षा जास्त असते, कारण जखम भरून येईपर्यंत ग्राफ्टने काम केले, तर नंतर भरलेल्या त्वचेला तेवढ्या रक्ताची गरज राहत नाही.

पुष्कळजण विचारतात की फुगा किंवा स्टेंट घालून भागले नसते का. 2022 साली आलेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ या चाचणीत चांगली अखंड शीर उपलब्ध असलेल्या 1,434 रुग्णांमध्ये पायाची मोठी हानी किंवा मृत्यू हे बायपासच्या गटात 42.6 टक्के आणि फुगा-स्टेंटच्या गटात 57.4 टक्के होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील ‘बेसिल-टू’ या चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्यांचा आजार असलेल्या 345 रुग्णांत, कौल उलट बाजूने गेला. त्यामुळे दोन्हींपैकी एकच उपाय सर्वांसाठी चांगला, असे मी म्हणणार नाही. मात्र 4 मिलिमीटरची अखंड शीर, चालताफिरता माणूस आणि घोट्याजवळ जोडणीला मिळालेली धमनी हे तिन्ही जुळून आले असता बायपासचा निर्णय मला पटतो.

ग्राफ्ट बंद पडण्याची कारणे काळानुसार बदलतात. पहिल्या महिन्यात ग्राफ्ट बंद पडला तर बहुधा कारण तांत्रिक असते, म्हणजे पीळ, राहिलेली झडप, जोडणीतील दोष किंवा पुढच्या धमनीची मूळचीच वाईट अवस्था. वडिलांनी यातले तीन आठवडे पार केले आहेत. पहिल्या महिन्यानंतर दोन वर्षांपर्यंतचा काळ शिरेच्या भिंतीतील बदलांचा असतो. आयुष्यभर कमी दाबाचे रक्त वाहून नेणारी शीर अचानक धमनीचा दाब सोसू लागते. ती सुरुवातीच्या आठवड्यांत थोडी रुंदावते, तिची भिंत जाड होते, आणि बहुतेक शिरांमध्ये हा बदल मर्यादेत राहून थांबतो. काहींमध्ये मात्र झडपेच्या जागी, जोडणीच्या तोंडाशी किंवा शीर काढताना ओढली गेलेली असेल तिथे अस्तर वाढतच जाते आणि गाठीसारखी अरुंद जागा तयार होते. दोन वर्षांनंतरचा शत्रू मूळ आजारच आहे. ग्राफ्टच्या वरच्या किंवा खालच्या धमनीत पुन्हा चरबी आणि चुना (कॅल्शियम) साचत जातो आणि ग्राफ्ट स्वतः चांगला असूनही उपाशी राहतो.

ही अरुंद जागा तयार होत असताना रुग्णाला काहीही कळत नाही, ही यातली सर्वांत दगा देणारी गोष्ट आहे. नळीचा व्यास जवळजवळ निम्मा होईपर्यंत एकूण प्रवाह फारसा घटत नाही, त्यामुळे पाय उबदार राहतो, दुखत नाही, माणूस चालतो. त्यानंतर मात्र प्रवाह झपाट्याने पडतो आणि एखाद्या दिवशी, बहुधा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना, ग्राफ्टमध्ये गुठळी होते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, करायचा. मी सहसा सहा आठवड्यांनी, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तो करायला सांगतो. एखाद्या जागी रक्ताचा कमाल वेग सेकंदाला 300 सेंटिमीटरच्या वर गेला किंवा शेजारच्या भागापेक्षा साडेतीनपट झाला, तर तिथे ग्राफ्ट अरुंद होत आहे. उलट संपूर्ण ग्राफ्टमध्ये कमाल वेग 45 सेंटिमीटरच्या खाली गेला, तर तो सुस्तावला आहे. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर थांबायचे नाही. (वर मी सेकंदाला 9 सेंटिमीटर म्हटले तो सरासरी वेग होता. डॉपलरचा अहवाल हृदयाच्या ठोक्यागणिक येणारा कमाल वेग देतो, म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.)

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये 594 रुग्णांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित डॉपलर केलेल्या आणि केवळ तपासणीवर ठेवलेल्या गटांत दीड वर्षाने पाय वाचण्यात फरक आढळला नाही. तरीही लांब, घोट्यापर्यंतच्या ग्राफ्टसाठी पहिल्या वर्षातील डॉपलर मी सोडत नाही, कारण अशा रुग्णाला दुसऱ्यांदा बायपास करायला चांगली शीर बहुधा उरलेली नसते. घोट्याचा आणि हाताचा रक्तदाब ताडून काढला जाणारा निर्देशांक जुन्या मधुमेहात फसवा असतो. चुना साचलेल्या धमन्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि निर्देशांक खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या बोटातील दाब मोजणे अधिक विश्वासाचे असते.

आता तंबाखूविषयी. आपण तिचा उल्लेख केलेला नाही, पण मार्केटमध्ये भल्या पहाटे गोणी उचलणाऱ्यांपैकी तंबाखू किंवा बिडी नसलेला माणूस मला क्वचित भेटतो, म्हणून विचारतो आहे. बायपासनंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत ग्राफ्ट बंद पडण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट असते. निष्णात सर्जनचे टाके, 4 मिलिमीटरची शीर आणि 140 चा प्रवाह हे सगळे एका सवयीपुढे हरलेले मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते. ‘बिडी सोडली, आता फक्त चुना-तंबाखू’ हा तोडगा मी मान्य करत नाही. निकोटिन तोंडावाटे गेले तरी रक्तवाहिन्या आवळतेच, आणि चघळणारा माणूस सहा महिन्यांत पुन्हा बिडीकडे वळतो. रागावून काही साधत नाही. औषधांची मदत मिळते, ती घ्या, आणि घरातील इतरांची मिश्रीची डबीही त्याच दिवशी बाहेर काढा.

औषधांमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन ही दोन आयुष्यभरासाठी असतात. स्टॅटिन कोलेस्टेरॉलचा अहवाल चांगला आला म्हणून बंद करायचे नसते, कारण या रुग्णांच्या जिवाला पायापेक्षा हृदयाचा आणि मेंदूचा धोका मोठा असतो. अ‍ॅस्पिरिनबरोबर रिव्हारोक्साबान हे रक्त गोठू न देणारे औषध 2.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्याचा फायदा 2020 सालच्या ‘व्हॉयेजर’ चाचणीत 6,564 रुग्णांत दिसला, मात्र त्याबरोबर रक्तस्रावाचे प्रमाणही थोडे वाढले. ते वडिलांना द्यायचे की नाही, हे त्यांची किडनी, हिमोग्लोबिन आणि पूर्वीचा अल्सर पाहून त्यांचे सर्जनच ठरवतील. दात काढायचा आहे म्हणून कोणी अ‍ॅस्पिरिन बंद करायला सांगितले, तर गोळी थांबवण्याआधी सर्जनना एक फोन करा.

पाय सुजणे या काळात अपेक्षित आहे. बराच काळ उपाशी राहिलेल्या पायात एकदम रक्त आले आणि शीर काढताना आजूबाजूच्या लसीकावाहिन्या दुखावल्या गेल्या, की दोन-तीन महिने सूज राहते. बसताना पाय स्टुलावर ठेवावा, झोपताना उशीवर ठेवावा. घट्ट मोजे सर्जनांनी सांगितल्याशिवाय घालू नयेत. सुजेबरोबर पोटरी टणक होऊन दुखू लागली, ताप आला किंवा जांघेच्या टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. मांडी घालून आणि उकिडवे बसणे पहिले तीन महिने टाळावे, जेवायला टेबल आणि शौचाला कमोड वापरावा.

पावसाळ्यात मी आणखी दोन गोष्टी बजावून सांगतो. ओल्या चपलांत दिवसभर राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मधुमेह्याच्या पायात तेथूनच जंतू शिरतात, म्हणून बाहेरून आल्यावर बोटांमधली जागा सुती कापडाने टिपून कोरडी करावी. आणि पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला भाजलेले कळत नाही, आणि बायपास उत्तम चालू असताना केवळ शेकाने पडलेल्या फोडांपायी पाऊल गमावण्याची वेळ आलेले रुग्ण आमच्याकडे येतात.

रोज सकाळी दोन्ही पावले हाताच्या पाठीने चाचपून पाहण्याची सवय घरातील एकाने लावून घ्यावी. सर्जनांकडून ग्राफ्टची किंवा घोट्याची नाडी कुठे लागते ते शिकून घ्या आणि तिथे बॉलपेनने खूण करून ठेवा. उजवा पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर पडला, किंवा काल लागणारी नाडी आज लागेना, तर सकाळची वाट पाहू नका. साधारण सहा तासांनंतर स्नायूंची हानी भरून न येणारी होऊ लागते.

गावी जाण्याविषयी : सहा आठवड्यांचा डॉपलर चांगला आला आणि बोटाची जखम भरत आली असेल, तर गणपतीला जायला माझी हरकत नाही. बसपेक्षा रेल्वेने जावे, म्हणजे तासाभराने उठून डब्यात चार पावले चालता येते. पाणी पीत राहावे आणि गोळ्या सामानात न टाकता खिशात ठेवाव्यात. डिस्चार्ज कार्डाची आणि डॉपलरच्या अहवालाची प्रत बरोबर न्या, कारण ग्राफ्ट कुठून कुठे जातो हे त्या कागदाशिवाय तिथल्या डॉक्टरांना चटकन कळणार नाही. आणि कणकवलीहून रात्री निघून मुंबई गाठण्यात जातील तेवढे तास बंद पडलेल्या ग्राफ्टजवळ नसतात, म्हणून तशी वेळ आलीच तर कोल्हापूरला किंवा गोव्याला कोणाकडे जायचे, हे आपल्या सर्जनना विचारून निघण्यापूर्वीच फोन नंबरासकट लिहून घ्या.